रॉ म्हणजे नेमके काय : बातमी मिळण्यापासून ती पटण्यापर्यंत

धुळ्यात आम्ही काही शिक्षक मिळून स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळी एक अभ्यासिका चालवतो. मागे एकदा राज्यव्यवस्थेचा तास चालू असताना साक्री तालुक्यातून येणाऱ्या एका मुलाने विचारले, "सर, रॉ संसदेच्या कोणत्या कायद्याने स्थापन झाली? सगळी पुस्तके चाळली, कुठेच सापडत नाही." त्याच आठवड्यात गावी गेलो, तर टीव्हीवरची चर्चा ऐकत बसलेल्या काकांनी अहिराणीत विचारले, "हाई रॉ म्हंजे काय शे रे भो?" एकाला कायद्याचे कलम हवे होते, दुसऱ्याला साधा अर्थ. दोघांनाही मी त्या वेळी घाईघाईत काहीतरी सांगितले, आणि ते अपुरे होते हे मला नंतर जाणवले. म्हणून हा विषय मुळापासून मांडत आहे.

सुरुवात शब्दापासून करू. आपण सर्रास "हेरगिरी" म्हणतो, पण सरकारी मराठीत त्यासाठी "गुप्तवार्ता" हा शब्द आहे आणि तो अधिक नेमका आहे. या कामात चोरून काढलेल्या कागदाला जेवढे महत्त्व असते, त्याहून कितीतरी अधिक महत्त्व त्या कागदातली वार्ता खरी किती, तिचा अर्थ काय आणि ती कोणाच्या कानावर केव्हा घालायची, याला असते. रॉ ही परदेशांतली गुप्तवार्ता मिळवणारी भारताची संस्था. तिचे इंग्रजी नाव "रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग" असे आहे. त्यात संशोधन आहे, विश्लेषण आहे, आणि हेर हा शब्द कुठेही नाही. हे नाव कामाचे स्वरूप झाकण्यासाठी निवडले गेले असेलही. तरी निम्मे काम त्याने खरेच सांगून टाकले आहे, असे मला वाटते.

काकांना मी हे केळीच्या व्यवहारावरून समजावले. सावद्याजवळ माझ्या मावसभावाची बाग आहे. नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीचा, माल कापणीला आला होता, तेव्हाची एक सकाळ मी त्याच्या ओट्यावर बसून पाहिली. पहिला फोन व्यापाऱ्याचा होता: दिल्लीत उठाव नाही, दोन दिवस थांबा, नाहीतर कमी भावाने द्या. दुसरा फोन बऱ्हाणपूरहून: लिलावात भाव आदल्या दिवसापेक्षा चढा निघाला आहे. तिसरा फोन गाड्या भरणाऱ्या ओळखीच्या मुकादमाचा: त्याच व्यापाऱ्याने शेजारच्या गावात पाच ट्रक लावले आहेत. भावाने तिन्ही गोष्टी वहीत एकाखाली एक लिहिल्या. व्यापाऱ्याच्या ओळीसमोर त्याने लिहिले, "याला भाव पाडायचा आहे." मुकादमाच्या ओळीसमोर लिहिले, "स्वतः पाहिले." मग त्याने फोन उचलला आणि बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशी जाहीर झालेल्या, भावापेक्षा एक रुपयाही कमी घेणार नाही, असे कळवले.

देशाच्या पातळीवर परदेशी गुप्तवार्ता संस्था हेच करते. फक्त तिथे केळीच्या जागी शेजारी देशाचे सैन्य, त्याचा अणुकार्यक्रम, त्याच्या राजवटीतले तंटे आणि आपल्या सीमेपलीकडची दहशतवादी ठाणी असतात. सांगणारा कोण आहे, त्याचा हितसंबंध कोणता, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि दुसऱ्या स्वतंत्र वाटेने तेच कळते आहे का, हे प्रश्न प्रत्येक बातमीला विचारावे लागतात. तीन वेगवेगळ्या हेरांचे म्हणणे जुळले तरच विश्वास ठेवावा, असे कौटिल्याने सांगून ठेवले होते. आपल्याकडे बहिर्जी नाईकांचे नाव आजही आदराने घेतले जाते, तेही याच कामासाठी. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले, तेव्हा शहरातल्या संपत्तीची आणि बंदोबस्ताची माहिती आधीच हाती आलेली होती, आणि मोहिमेचा निर्णय तिच्या आधारावर झाला.

मात्र केळीच्या बागेत आणि देशात एक मोठा फरक आहे. बागेत बातमी तोलणारा आणि निर्णय घेणारा माणूस एकच असतो. देशात ही दोन कामे वेगळी ठेवावी लागतात. पारख करणाऱ्याने काय घडत आहे ते सांगायचे आणि काय करायचे ते सत्तेवरच्या लोकांनी ठरवायचे. ही रेघ पुसली गेली की पारख करणारा नकळत आपल्या आवडीच्या धोरणाला सोयीच्या बातम्या निवडू लागतो. स्वतंत्र भारताला याची किंमत फार लवकर मोजावी लागली.

इंग्रजांनी १८८७ मध्ये सेंट्रल स्पेशल ब्रँच नावाची शाखा सुरू केली होती आणि तिच्यातूनच पुढे इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आपली आयबी, आकाराला आली. स्वातंत्र्यानंतर देशांतर्गत आणि परदेशी, दोन्ही गुप्तवार्ता आयबीकडेच राहिल्या. १९५० ते १९६४ या काळात तिचे प्रमुख बी. एन. मलिक होते. त्यांचा पंडित नेहरूंवर मोठा प्रभाव होता. चीनलगतच्या सीमेवर पुढे पुढे चौक्या टाकण्याचे धोरण ठरले, तेव्हा चीन त्याला बळाने उत्तर देणार नाही, असा अंदाज बांधला गेला आणि त्या अंदाजामागे आयबीचे वजन होते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी तो अंदाज कोसळला. चिनी सैन्याच्या हालचालींच्या बातम्या मुळीच नव्हत्या, असे म्हणता येत नाही. पण त्या बातम्या तोलणारे आणि धोरणाला दुजोरा देणारे टेबल एकच होते.

त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसले. त्याच काळात दोन गोष्टी उभ्या राहिल्या, ज्या पुढे रॉच्या छत्राखाली आल्या. एक म्हणजे १४ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेले, मुख्यतः तिबेटी जवानांचे स्पेशल फ्रंटियर फोर्स, आणि दुसरी म्हणजे १९६३ ची एव्हिएशन रिसर्च सेंटर ही विमानातून छायाचित्रे व संदेश टिपणारी यंत्रणा. पण मूळ दुखणे राहिलेच. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या चिलखती दलाच्या तयारीचा नीट अंदाज आला नाही आणि हाती येणारी माहिती नेमकी नसते, ही सैन्याची तक्रार कायम राहिली.

इंदिरा गांधींनी अखेर परदेशी गुप्तवार्तेचे काम आयबीतून वेगळे काढले. २१ सप्टेंबर १९६८ रोजी रॉ अस्तित्वात आली. आयबी ज्या गृहखात्याच्या अखत्यारीत होती, ते खाते त्या वेळी यशवंतराव चव्हाणांकडेच होते. नवी संस्था मात्र गृहखात्याकडे गेली नाही आणि परराष्ट्र खात्याकडेही गेली नाही. ती मंत्रिमंडळ सचिवालयाची एक शाखा म्हणून थेट पंतप्रधानांच्या नजरेखाली ठेवली गेली. नावात "संस्था" नसून "विंग" म्हणजे शाखा आहे, त्याचे कारण हेच. साक्रीच्या त्या विद्यार्थ्याला पुस्तकात कायदा सापडला नाही, कारण तसा कायदा झालेलाच नाही. रॉ प्रशासकीय आदेशातून जन्माला आली.

तिचे पहिले प्रमुख रामेश्वर नाथ काव. १० मे १९१८ रोजी बनारसला जन्मलेले काव १९४० मध्ये पोलीस सेवेत आले आणि पुढे आयबीत गेले. त्यांच्या कामाची पद्धत समजून घ्यायची तर १९५५ चा एक तपास जवळून पाहावा. त्या वर्षी ११ एप्रिलला एअर इंडियाचे "काश्मीर प्रिन्सेस" हे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले होते. आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनीही त्याच विमानाने जावे असे ठरले होते, पण ते त्या विमानात बसले नाहीत. समुद्रावर असताना विमानात स्फोट झाला, १६ जण मृत्युमुखी पडले आणि कर्मचाऱ्यांपैकी तिघे वाचले. तपासासाठी नेहरूंनी तरुण काव यांना पाठवले. एकीकडे हाँगकाँगवर राज्य करणारे इंग्रज, दुसरीकडे त्यांच्यावर काडीचाही विश्वास नसलेले चिनी सरकार, आणि मध्ये हा एकटा भारतीय अधिकारी. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत कालबाँबच्या यंत्राचे तुकडे मिळाले. विमान हाँगकाँगच्या तळावर उभे असताना तिथल्या एका सफाई कामगाराने तो बाँब ठेवला होता, तो तैवानच्या राष्ट्रवादी चिनी हेरखात्यासाठी काम करत होता आणि घटनेनंतर तैवानला निसटला, हे या तपासातून पुढे आले. एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन सरकारांना एकच पुरावा मान्य करायला लावणे, हे कोणत्याही पाठलागापेक्षा अवघड काम होते. प्रसिद्धीपासून दूर राहण्याची सवय काव यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर सामान्य लोकांनी त्यांचे छायाचित्रही क्वचितच पाहिले होते.

काम प्रत्यक्षात कसे चालते, तेही थोडक्यात सांगायला हवे, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहेत. संस्थेचा अधिकारी आणि बातमी देणारा स्रोत, या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. कोणत्याही देशाचा गुप्तवार्ता अधिकारी बहुधा आपल्या वकिलातीत राजनैतिक पद घेऊन राहतो. बातमी देणारा मात्र त्या परक्या देशाचाच कोणी कारकून, लष्करी अधिकारी किंवा व्यापारी असतो. अधिकारी पकडला गेला, तर १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार त्याला संरक्षण असते आणि फार तर त्याला देश सोडायला सांगितले जाते. स्रोत पकडला गेला, तर त्याला स्वतःच्याच देशाच्या तुरुंगात किंवा फासावर जावे लागते. या माणसाचा जीव जपणे ही संस्थेची सर्वात मोठी नैतिक जबाबदारी आहे, आणि गुप्ततेच्या बाजूने जेवढे युक्तिवाद केले जातात, त्यांत मला हा एक पूर्णपणे पटतो. माणसांखेरीज बिनतारी व दूरध्वनी संदेश टिपणे, उपग्रहाची आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे वाचणे, आणि उघड वर्तमानपत्रे, भाषणे, अर्थसंकल्प बारकाईने चाळणे, याही वाटा आहेत. रॉला अटकेचा अधिकार नाही; तिच्याकडे पोलिसांचे कोणतेही अधिकार नाहीत.

स्थापनेनंतर अवघ्या तीन वर्षांत बांगलादेशचा प्रश्न उभा राहिला. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि लाखो निर्वासित भारतात आले. पुढच्या महिन्यांत बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिवाहिनीच्या प्रशिक्षणात आणि तिच्याशी समन्वय ठेवण्यात सैन्याबरोबर रॉचाही मोठा वाटा होता. स्पेशल फ्रंटियर फोर्सचे जवान चितगावच्या डोंगराळ भागात लढले. १६ डिसेंबरला सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. बातमी, पारख, राजकीय निर्णय आणि सैन्याची तयारी हे चारही दुवे तेव्हा एकमेकांत नीट अडकले होते, म्हणून तो विजय एवढा निर्विवाद ठरला.

पण त्याच बांगलादेशाने चार वर्षांत दुसरी बाजूही दाखवली. बांगलादेशचे नेते शेख मुजीबूर रहमान यांच्या जिवाला त्यांच्याच सैन्यातल्या काही अधिकाऱ्यांकडून धोका आहे, अशी माहिती रॉला मिळाली होती. काव स्वतः ढाक्याला जाऊन त्यांना सावध करून आले, हे त्यांनीच पुढे जाहीर केले. मुजीब यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली. ही सगळी माझीच मुले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १५ ऑगस्ट १९७५ च्या पहाटे सैन्यातल्याच काही अधिकाऱ्यांनी त्यांची आणि त्यांच्या बहुतेक कुटुंबाची हत्या केली. बातमी खरी होती, वेळेवर होती, योग्य माणसाच्या कानावर गेली होती. फक्त त्याला ती पटली नाही. हा प्रसंग मी अभ्यासिकेत सांगितला, तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता.

आणीबाणीनंतर १९७७ मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. रॉचा उपयोग देशातल्या विरोधकांवर झाला, असा संशय नव्या सरकारला होता. काव बाजूला झाले, त्यांचे उत्तराधिकारी शंकरन नायर काही महिन्यांतच पायउतार झाले आणि संस्थेला कात्री लागली. संशय खरा होता की नव्हता, यावर आजही वाद घालता येतो. पण जी संस्था फक्त एका माणसाला, म्हणजे पंतप्रधानांना उत्तरदायी असते, तिच्याविषयी सत्ता बदलताच असा संशय निर्माण होणे स्वाभाविक आहे, आणि तो दूर करायला निःपक्ष अशी जागाच उपलब्ध नसते.

श्रीलंकेचा अध्याय त्याहून वेदनादायक आहे. १९८० च्या दशकात तमिळ बंडखोर गटांना भारतात शस्त्रे चालवण्याचे प्रशिक्षण दिले गेले, त्यात रॉचा हात होता. १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, शांतिसेना तिकडे गेली, आणि ज्यांना आपण शिकवले त्याच एलटीटीईशी आपल्या जवानांना लढावे लागले. सुमारे १,२०० जवान त्यात कामी आले. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाली. इथे लक्षात घ्यायचे ते असे, की बातमी गोळा करणे आणि परक्या देशात छुपी कारवाई करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात चूक झाली तर अंदाज चुकतो; दुसऱ्यात चूक झाली तर पेटवलेली आग आपल्याच अंगणात येते.

१९९९ च्या कारगिल युद्धात संस्थेचे यश आणि अपयश एकाच उन्हाळ्यात दिसले. पाकिस्तानी सैनिक शिखरांवर येऊन बसले आहेत, हे मे महिन्याच्या सुरुवातीला बटालिक भागातल्या मेंढपाळांच्या नजरेस आधी पडले. मग त्याच महिन्याच्या अखेरीस रॉने एक असामान्य गोष्ट टिपली: बीजिंगला गेलेले पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ आणि रावळपिंडीतले त्यांचे सहकारी जनरल अझीझ यांचे दूरध्वनीवरचे संभाषण. डोंगरावर मुजाहिदीन आहेत, आमचे सैन्य नाही, असे पाकिस्तान जगाला सांगत होता. या संभाषणाने तो दावा खोटा ठरला. ११ जून रोजी भारताने त्या ध्वनिफिती जाहीर केल्या, पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत यायच्या आदल्या दिवशी. त्याचा राजनैतिक लाभ मोठा झाला. पण आपण काय ऐकू शकतो हे समोरच्याला एकदा कळले की तो ती तार वापरणे बंद करतो, म्हणून त्या फिती जाहीर करायला नको होत्या, असे संस्थेतल्याच काही अनुभवी लोकांचे मत होते. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. युद्ध चालू असताना तो निर्णय राजकीय नेतृत्वानेच घ्यायचा होता आणि त्याने तो घेतला.

युद्धानंतर संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कारणे शोधली. वेगवेगळ्या यंत्रणांकडे तुकड्या-तुकड्यांत असलेली माहिती एकत्र मांडण्याची आणि ती सैन्याच्या खालच्या पातळीपर्यंत नेण्याची पक्की व्यवस्था नव्हती, हा तिच्या निष्कर्षांतला महत्त्वाचा भाग होता. त्यानंतर २००२ मध्ये तिन्ही दलांसाठी डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आणि २००४ मध्ये तांत्रिक माहितीसाठी एनटीआरओ (नॅशनल टेक्निकल रिसर्च ऑर्गनायझेशन) उभी राहिली. आज रॉच्या प्रमुखाचे अधिकृत पद मंत्रिमंडळ सचिवालयातील सचिव असे आहे, आणि १९९८ पासून असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराच्या पदाकडे या सगळ्या यंत्रणांतला समन्वय असतो. २००४ मध्येच रबिंदर सिंग हा रॉचा सहसचिव अमेरिकेसाठी हेरगिरी करत असल्याचे उघड झाले आणि पाळत असतानाही तो नेपाळमार्गे निसटला. बाहेरची पारख करणाऱ्यांना घरातली पारख करता आली नाही, हे शल्य संस्थेत दीर्घकाळ राहिले.

आता कायद्याकडे वळू. ब्रिटनची परदेशी गुप्तवार्ता संस्था १९०९ पासून होती, पण १९९४ मध्ये तिथल्या संसदेने तिला कायद्याचा आधार दिला आणि संसद सदस्यांची देखरेख समितीही नेमली. अमेरिकेची सीआयए १९४७ च्या कायद्याने झाली आणि तिच्या गैरकृत्यांची चौकशी झाल्यावर १९७६ पासून सिनेटची कायम समिती तिच्यावर लक्ष ठेवते. भारतात खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. रॉवर निर्बंध घालणारा किंवा तिला अधिकार देणारा कायदा मुळीच नाही, असे मात्र नाही. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाच्या आधारे झालेल्या १९८५ च्या कायद्याने तिच्या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधने आहेत. डिसेंबर २०१८ च्या आदेशाने संगणकीय माहिती तपासण्याचा अधिकार ज्या दहा यंत्रणांना मिळाला, त्यांतही रॉ आहे. म्हणजे कर्मचाऱ्यांवर बंधने घालणारा कायदा आहे, माहिती टिपण्याचा अधिकार देणारा आदेश आहे. संस्थेच्या कामाचा हिशेब संसदेला देण्याची तरतूद तेवढी नाही. २०२३ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने भारतीय यंत्रणांशी संबंधित व्यक्तींवर हत्येचे आणि हत्येच्या कटाचे गंभीर आरोप केले. भारताने कॅनडाचे आरोप फेटाळले आणि अमेरिकेच्या आरोपांसाठी उच्चस्तरीय चौकशी समिती नेमली. ती समितीही सरकारचीच होती. संसदेची छोटी, गोपनीयतेची शपथ घेतलेली समिती असती, तर संस्थेचा बचाव करायलाही तिचाच उपयोग झाला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

साक्रीच्या मुलाचा पुढचा प्रश्न माहितीच्या अधिकाराचा होता. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या २४ व्या कलमाने आणि दुसऱ्या अनुसूचीने रॉला वगळले आहे. मात्र त्याच कलमात अपवादालाही अपवाद आहे: भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांसंबंधीची माहिती मागता येते. मानवी हक्कभंगाची माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मान्यतेनंतरच मिळते, आणि ती ४५ दिवसांत द्यावी लागते. हे ऐकल्यावर त्याने वहीत "कलम २४" खाली दोन रेघा ओढल्या आणि समासात लिहिले, "अर्ज कोणाच्या नावाने करायचा?" अर्ज मंत्रिमंडळ सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा, हे मी त्याला सांगितले.